साडेचारचा ताळा

गणिताच्या माणसाने लोखंडाच्या वाटेला जाऊ नये. कागदावरचं गणित चुकलं तर खोडता येतं. लोखंडातलं गणित चुकलं की ते सोसायटीच्या फाटकात आडवं उभं राहतं, आणि आत अडकलेले अकरा स्कूटरवाले हॉर्न वाजवून तुम्हाला त्याचे गुण देतात.

नाशिकच्या इंदिरानगरातल्या शेखर आहेर सरांना हे फार उशिरा कळलं. सर बावीस वर्षं आठवीला गणित शिकवतात. ‘गुणोत्तर आणि प्रमाण’ हा त्यांचा हुकमी धडा. ‘उत्तर आलं म्हणून उड्या मारू नका, आधी ताळा करा,’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलंय, की त्यांचे जुने विद्यार्थी भाजीवाल्याचा हिशेबही दोनदा करतात. अशा माणसाकडे एक जुनी पिकअप होती, पुढेमागे दोन सीटा आणि त्यामागे हौदा असलेली. साधी नव्हे, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी, लिलावात घेतलेली. एका गणिताच्या मास्तराला अशी गाडी कशाला, हा प्रश्न सरांच्या पत्नीने, मंजुषाने, गाडी आली त्या दिवशी विचारला होता. त्याचं उत्तर अजून यायचं आहे.

यंदा मात्र उत्तर द्यायची संधी आपण होऊन चालून आली. मंजुषाची आई झुंबरबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला आल्या आणि सहा आठवडे सरांच्या तिसऱ्या मजल्यावर अडकल्या. त्यांचं घर चांदवडच्या मागे डोंगरात, टेंभूरवाडीला, आणि तेही वाडीच्या वर एकटं. म्हातारीला फ्लॅटमध्ये चैन पडेना. “इथं जमीन कुठं हाय?” त्या रोज सकाळी विचारत. “तीन मजले खाली हाय म्हणं. मंग आपण कशावर बसलोय?” चंपाषष्ठी जवळ येत होती. त्या दिवशी घरच्या देव्हाऱ्यापुढे तळी भरायची, भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा, हे झुंबरबाईंनी लग्न होऊन आल्यापासून एकदाही चुकवलेलं नव्हतं. चार महिने वांगं तोंडात न घालता त्या ज्या दिवसाची वाट बघत, तो दिवस नाशिकच्या तिसऱ्या मजल्यावर उजाडणार, या कल्पनेनेच त्यांना रडू येई. आणि म्हातारी एकदा रडायला लागली की मंजुषाही रडे.

अडचण होती ती शेवटच्या अर्ध्या मैलाची. वाडीपासून घरापर्यंत मुरमाचा उभा चढ आहे. त्याला बैलबसणीचा चढ म्हणतात, कारण भरल्या गाडीचा बैल तिथे मधेच खाली बसतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, चढ चालायचा नाही आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धक्के खात तर मुळीच जायचं नाही. साधी मोटार तिथे चढत नाही. तेव्हा एका रात्री जेवताना सर म्हणाले, “आई, चंपाषष्ठीच्या आधी तुम्हाला मी दारापर्यंत नेतो. आपल्या गाडीने. गोरक्षला बोलवायची गरज नाही.”

शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं. पण तेच खरं वाक्य होतं.

गोरक्ष हा सरांचा मेहुणा. द्राक्षं करतो, ट्रॅक्टर चालवतो, आणि गेली अठरा वर्षं सरांनी हातात घेतलेलं प्रत्येक काम तो पुरं करत आलेला आहे. सरांनी बसवलेला नळ गोरक्षने बंद केला. सरांनी जोडलेला पाळणा गोरक्षने उलटा करून परत जोडला. कधी एका शब्दाने बोलत नाही, हात धुतो, चहा मागतो आणि जातो. बोलला असता तर सरांना उलट बोलता आलं असतं. दसऱ्याला सर पिकअप घेऊन टेंभूरवाडीला गेले तेव्हा ती बैलबसणीच्या निम्म्यात धापा टाकत बंद पडली होती. गोरक्षने साखळी लावून ती ओढून काढली आणि एवढंच म्हणाला, “गाडी चांगली हाय दाजी. दिसायला.” हे वाक्य सरांच्या बरगडीत रुतून बसलं होतं.

दम का कमी पडतो, याचं निदान अबरारने केलं. अबरारचं द्वारका चौकाकडे गॅरेज आहे आणि तो सरांचा जुना विद्यार्थी आहे, म्हणजे आठवीत दोनदा. “सर, तुम्ही हौसेनं मोठे टायर घातलेत. मोठं चाक फिरवायला जोर जास्त लागतो. आता डिफ्रेन्शल बदला, पुढचं पण आणि मागचं पण.” डिफरन्शियल म्हणजे दोन चाकांच्या मधे आडव्या दांडीवर जो लोखंडी भोपळा दिसतो तो. त्याच्या पोटात दात्यांची चक्रं असतात. इंजिनाकडून आलेला दांडा किती वेळा फिरला म्हणजे चाक एकदा फिरतं, हे त्या भोपळ्यात ठरतं. “तुमच्यात पावणेचार वेळा फिरतो,” अबरार म्हणाला. “साडेचारचा मिळाला तर गाडी भिंतीवर चढेल. फक्त दोन्ही सारखे पाहिजेत सर. एक असा, एक तसा, नाय चालत.”

सर मनातल्या मनात हसले. दोन गुणोत्तरं सारखी आहेत का हे बघायचं? अरे, बावीस वर्षं दुसरं काय केलं!

त्या भरात ते भंगार बाजारात गेले. सोबत चंद्रात्रे काका होते. काका टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, त्यामुळे त्यांना वेळ आणि अधिकार दोन्ही भरपूर. बद्रुद्दीन चाचांच्या वखारीत जुन्या गाड्यांच्या आख्ख्या दांड्या भोपळ्यांसकट रचून ठेवलेल्या होत्या. यातली साडेचारची कुठली, असं सरांनी विचारताच चाचांनी कानाला हात लावला.

“सर, अपने इधर दुकानदार आकडा बोलत नाय. माझ्या अब्बांपासून रिवाज हाय. गिऱ्हाईकानंच फिरवायचं, गिऱ्हाईकानंच मोजायचं, आणि हा घ्या ब्रश, गिऱ्हाईकानंच आपल्या हातानं आकडा लिहून खाली सही करायची. मंग उद्या भांडण नको.”

सरांना हा रिवाज फारच आवडला. परीक्षेतही असंच असतं, असं ते काकांना म्हणाले. काका म्हणाले, टपाल खात्यातही असंच असतं.

मागची दांडी मोजताना सगळं यथासांग झालं. दांडीच्या एका टोकाला सर, दुसऱ्या टोकाला काका. दोघांनी ‘एक, दोन’ म्हणत आपापलं टोक बरोबरीने फिरवलं, मधला दांडा किती फिरतो ते चाचांच्या माणसाने मोजलं. दहा फेऱ्यांना पंचेचाळीस. म्हणजे साडेचार. सरांनी तीनदा ताळा केला, रंगाने ‘४.५’ लिहिलं आणि हजेरीपटावर करतात तशी लफ्फेदार सही केली.

पुढची दांडी मोजायला घेतली आणि चहा आला.

चंद्रात्रे काका चहा आला की जागेवर थांबत नाहीत; खात्यात असतानाही थांबत नसत. ते आपलं टोक सोडून गेले. सर एकटेच मधला दांडा फिरवू लागले आणि आपल्या बाजूच्या टोकाच्या फेऱ्या मोजू लागले. आता या भोपळ्याची एक खोड असते. गाडी वळणावर असताना आतलं चाक हळू आणि बाहेरचं भरभर फिरावं म्हणून त्याने दोन्ही टोकांना मोकळीक दिलेली असते. एकटं टोक मोजलं की दुसरं आपल्या मर्जीने, रेंगाळत फिरतं आणि हिशेब पार बिघडतो. पलीकडचं टोक तसं रेंगाळत होतंच. सरांना ते दिसलंही असतं, पण तेवढ्यात त्यांच्या दहा फेऱ्या पुऱ्या झाल्या आणि दांड्याचा आकडा आला पंचेचाळीस.

पंचेचाळीस! सरांना पाहिजे होता तोच आकडा. चहाही निवत होता. मागच्या पानावरचं उत्तर बघून गणित सोडवणाऱ्या कितीतरी मुलांना सरांनी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. पण पाहिजे ते उत्तर समोर आलं की ताळा करायला हात धजत नाही, हे त्या पोरांना ठाऊक होतं, सरांना नव्हतं. त्यांनी ‘४.५’ लिहिलं, सही केली आणि चहा घेतला.

दोन्ही दांड्या टेम्पोतून सोसायटीत आल्या. अबरारच्या गॅरेजात जागा नव्हती, म्हणून रविवारी काम पार्किंगमध्येच करायचं ठरलं. चंद्रात्रे काकांनी परवानगीचा अर्ज भरून घेतला. अर्जात वस्तूच्या प्रकारापुढे ‘फर्निचर, विद्युत उपकरण, पाळीव प्राणी’ एवढेच पर्याय होते. बऱ्याच चर्चेनंतर फर्निचरवर खूण झाली. अबरारने दिवसभर खपून नव्या दांड्या बसवल्या आणि जुन्या काढून भिंतीला टेकवल्या. त्या बदल्यात चाचांना द्यायच्या होत्या. फाटकावर वॉचमनने अडवलं.

“यांची आत आल्याची नोंद नाय सर.”

“कशी असेल? त्या गाडीला लागलेल्या होत्या.”

“आत आल्या नायत, तर बाहेर कशा जातील?”

सरांनी नोंदवही तीनदा बघितली. तर्कात चूक सापडेना, त्यामुळे ते जास्तच गोंधळले. शेवटी काकांनी निवाडा दिला: दांड्या ज्या अर्थी गाडीचा भाग म्हणून आत आल्या, त्या अर्थी त्या गाडीतूनच बाहेर जाव्यात. मग त्या पिकअपच्या हौद्यात चढवल्या आणि एका गाडीला चार दांड्या अशा थाटात मिरवणूक भंगार बाजारात गेली. वाटेत गाडी अशी काही सुटली, की सरांना पाथर्डी फाट्याच्या पुलावर गाणं म्हणावंसं वाटलं. नेहमी फक्त मागच्या दोन चाकांनाच जोर असतो आणि मागची दांडी खरोखर साडेचारची होती. अजून काहीही बिघडलेलं दिसत नव्हतं.

बिघडलं ते बुधवारी संध्याकाळी. चंपाषष्ठी शुक्रवारी होती. गुरुवारी निघायचं, त्याआधी चारही चाकांचा जोर बघून घ्यावा, म्हणून सरांनी पार्किंगमध्ये गाडी सुरू केली. काका होते, झुंबरबाई तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. सरांनी पुढच्या चाकांनाही जोर देणारा, गिअरशेजारचा दांडका ओढला आणि गाडी पुढे घेतली. ती आधी नीट गेली. मग कण्हली. मग हबके देत, चाकं चर्र चर्र ओरडत, बरोबर फाटकाच्या मधोमध आली आणि थांबली. सरांनी दांडका परत ढकलला. तो हलेना. गाडी पुढे जाईना, मागे येईना.

संध्याकाळची वेळ. आतले बाहेर जाऊ बघत होते, बाहेरचे आत येऊ बघत होते. नाशिककर फुकटात देतो अशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे सल्ला. दुसऱ्या मजल्यावरचे म्हणाले, डिझेलमध्ये भेसळ. तळमजल्यावरच्या मालनबाई म्हणाल्या, नवं लोखंड आणलंत आणि नारळ फोडला नाहीत. एकजण खाली वाकून बराच वेळ बघत राहिला आणि ‘गाडी आहे,’ असं म्हणून उठला. चंद्रात्रे काकांनी नियमावली काढली. फाटकात फर्निचर ठेवू नये असा नियम होता, पण फर्निचर गाडीच्या आत बसवलेलं असेल तर काय, हे नियमावलीत नव्हतं. वरून झुंबरबाईंचा आवाज आला, “जावईबापू, हीच गाडी का ओ?”

सरांनी वर बघितलंच नाही.

अबरार स्कूटर उडवत आला. त्याने एक चाक जॅकने उचललं. चाक जमिनीवरून सुटताच ‘धाड’ असा आवाज झाला आणि ते आपोआप गरकन उलटं फिरलं. दांडका लगेच सुटला. गाडी बाजूला झाली, अकरा स्कूटर निघून गेल्या. अबरार मात्र गाडीखालीच राहिला. खालून त्याचा बारीक आवाज आला.

“सर, एकाच दांड्याचे मालक दोन झालेत. मागची चाकं म्हणतात पळ, पुढची म्हणतात हळू. पुढचं डिफ्रेन्शल साडेचारचं नाय.”

“शक्यच नाही. मी स्वतः मोजलंय.”

“ते दिसतंय सर,” अबरार म्हणाला. त्याने टॉर्चचा झोत पुढच्या दांडीवर टाकला. चिखल-तेलातून रंगाचे आकडे चमकत होते. ‘४.५’, आणि खाली ती लफ्फेदार सही.

या वेळी दोन्ही चाकं उचलून, दोन्ही बाजूंनी बरोबर फिरवून मोजलं. दहा फेऱ्यांना त्रेपन्न. सव्वापाचाहून वर.

“तू बसवताना का नाही मोजलंस?” सरांनी विचारलं. आवाजात राग होता, तो कुणावर हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

अबरार हात पुसत उठला. “मोजणार होतो सर. मग सही बघितली. म्हणलं, आहेर सरांनी केलेल्या गणिताचा ताळा मी करायचा? आठवीत दोनदा बसलेला माणूस? ते बरं दिसलं नसतं.”

सरांना वर्गाबाहेर उभं राहिल्यासारखं वाटलं. मंजुषा खाली आली होती. जिना चढताना ती सरांच्या बरोबरीला आली. “गोरक्षला फोन लावू का?” तिने अगदी हळू विचारलं. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच सरांना जास्त लागलं. आत झुंबरबाई सामानाची पिशवी भरून बसल्या होत्या. पिशवीच्या तोंडाशी देवाचा भंडारा होता. त्या म्हणाल्या, “नाय जमलं तर नाय जमलं, जावईबापू. एक साल चुकलं म्हणून देव का रागावतो?” आणि तोंड फिरवून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. ही म्हातारी आपली अब्रू वाचवायला देवाला मधे घालतेय, हे सरांना कळलं आणि स्वतःची भयंकर शरम वाटली.

बाजारात दुसरी पुढची दांडी नव्हती. चाचांनी फोनवर खात्री करून सांगितलं आणि वर म्हणाले, “अक्षर आपलंच ना, सर?” सर जेवले नाहीत. चाचणी परीक्षेच्या कागदांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी गाडी काढली, चढ काढला, बाण काढले. मागचीच चाकं वापरावी तर इंजिनाचं वजन पुढे आणि हौदा रिकामा, मुरमावर ती जागच्या जागी फिरतील. पुढची वापरावी, त्यांचा जोर तर जास्तच, सव्वापाचाचा. पण गाडी चढाला लागली की भार मागे सरकतो आणि पुढची चाकं हलकी पडतात. सरांनी कागद फिरवला. कागद उलटा झाला तशी गाडीही उलटी झाली. सर बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिले. मग त्यांनी ताळा केला. एकदा, दोनदा, तीनदा. मग अबरारला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

“सर,” अबरार म्हणाला, “हे बरोबर आहे. मला समजलं नाय, पण बरोबर आहे. मी पण येतो.”

गुरुवारी दुपारी पिकअप बैलबसणीच्या पायथ्याशी पोचली. मंजुषाने येतोय म्हणून कळवलं होतं, त्यामुळे टेंभूरवाडी आधीच जमली होती; गोरक्ष ट्रॅक्टर घेऊन आला होता आणि साखळी त्याच्या हातातच होती. अबरार गाडीखाली शिरला, आठ बोल्ट काढले आणि पुढच्या-मागच्या चाकांचं भांडण मिटावं म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडाच सोडवून हौद्यात टाकला.

“दाजी, अर्धी गाडी काढली का?” गोरक्षने विचारलं. “साखळी लावू?”

“नको,” सर म्हणाले. त्यांनी पुढच्या चाकांचा दांडका ओढला, गाडी सुरू केली, आणि पायथ्याच्या मोकळ्या जागेत सावकाश फिरवून तिचं तोंड परत नाशिककडे केलं.

वाडीतून सुस्कारा निघाला. “गेले परत,” कुणीतरी म्हणालं. “लय उभा हाय ना चढ. मास्तर भ्याले.” पुढच्या सीटवर झुंबरबाईंनी सरांचं मनगट धरलं. “जावईबापू, इथवर आणून परत नका नेऊ ओ मला! मला त्या तिसऱ्या मजल्यावर नाय जायचं!”

“आई, घट्ट बसा,” सर म्हणाले, मान मागे वळवली आणि उलटा गिअर टाकला.

पिकअप ढुंगण वर करून बैलबसणीचा चढ चढू लागली. खाली तोंड असलेल्या पुढच्या चाकांवर सगळा भार आला होता आणि ती मुरूम धरून रेटत होती. मागच्या सीटवरून मंजुषा वाट सांगत होती. “डावीकडे घ्या. अहो डावीकडे! माझ्या डावीकडे!” मागे तोंड केलेल्या माणसाचं डावं, पुढे तोंड केलेल्या माणसाचं डावं आणि उलट्या गाडीचं डावं, ही तीन वेगळी असतात की एकच, याचा सरांना काही केल्या उलगडा होईना. पहिल्या वळणावर ते बोरीच्या झुडपात गेले, दुसऱ्यावर मंजुषा नुसती ओरडली आणि तेवढ्याने जमलं. दसऱ्याला गाडी जिथे बंद पडली होती तिथे इंजिन गुरगुरलं, चाकाखालून खडी उडाली. सरांनी देवाचं नाव घेतलं. ते देवाचं नाव घेणारे नव्हेत, पण त्या क्षणी दुसरं कुणी आठवेना. गाडी एकदा थरथरली आणि वर सरकली. खालून पोरं, बाया, अबरार आणि हातात साखळी तशीच असलेला गोरक्ष पळत येत होते.

घराच्या अंगणात गाडी थांबली. अबरारने चाकांखाली दगड लावले. गोरक्षची बायको सविता भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली आणि गाडीच्या शेपटापाशी गोंधळून उभी राहिली. ओवाळायचं या बाजूने की त्या, हे तिला समजेना.

गोरक्ष धापा टाकत आला. त्याने गाडीकडे बघितलं, चढाकडे बघितलं, हातातल्या साखळीकडे बघितलं. “दाजी,” तो म्हणाला, “हे कसं केलं, मला इस्कटून सांगा.” अठरा वर्षांत त्याने सरांना पहिल्यांदाच ‘कसं केलं’ असं विचारलं होतं.

सरांना सांगायचं होतं, कागदावर काढून दाखवायचं होतं, पण त्यांची मान मागे वळलेली ती तशीच आखडून बसली होती. झुंबरबाईही उतरत नव्हत्या.

“आई, उतरा की,” सविता म्हणाली. “घर आलं.”

झुंबरबाईंची पाठ घराकडे होती. सहा आठवडे ज्या घरासाठी जीव टाकला, त्याच्याकडे त्यांनी अजून वळूनही बघितलं नव्हतं. त्या काचेतून समोर बघत होत्या. समोर सगळा उतार होता, आणि खाली वाडी, तिचे पत्रे, विहीर, द्राक्षाचे मांडव, पार चांदवडच्या डोंगरापर्यंत.

“बावन्न सालं ह्यो चढ चढले,” त्या म्हणाल्या. “चढताना डोक्यावर पाटी, उतरताना पायाखाली मुरूम. मान वर करायला कुणाला सवड? आज पयल्यांदा गाव बघितलं मी. केवढं मोठं हाय गं आपलं गाव! कुणाला ठावं होतं?” त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. “जावईबापू, तुम्ही बी बघा की. तुम्हीच आणलं मला.”

“बघतो, आई,” सर म्हणाले. ते अजून मागे, घराच्या कुडाच्या भिंतीकडेच बघत होते. “मान वळत नाही.”

मंजुषाने मागून दोन्ही हातांत त्यांचं डोकं धरलं आणि सावकाश, दुखणार नाही अशा बेताने, पुढे वळवलं.